वेड्यांच्या इस्पितळापासून गावच्या ओसरीपर्यंत

आमच्या गावाच्या वेशीबाहेर एक जुना कडुलिंब आहे. त्याच्या बुंध्यावर, मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, सालीत एक खोल वळ उमटलेला दिसतो. झाड वाढत गेले, साल दोन्ही बाजूंनी फुगून पुढे आली, पण वळ काही बुजला नाही. नवखा माणूस विचारतो, "येथे बैल बांधीत होते काय?" गावचा माणूस नुसती मान हलवतो आणि दुसरा विषय काढतो. तेथे बैल बांधलेला नव्हता. तेथे दीड वर्ष एक माणूस बांधलेला होता.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातले आमचे गाव. कर्नाटकाची शीव चार कोसांवर. त्या माणसाला आम्ही पोरे काका म्हणत असू. काका शेतकरी; पण हिशेबात असे पक्के की, बाजारच्या दिवशी अडत्याची पट्टी नुसती कानांवर पडली तरी तीत कोठे चार आणे चुकले आहेत हे ते सांगत. १९८८ च्या पावसाळ्यात त्यांची झोप उडाली. मग ते भिंतीशी बोलू लागले. विहिरीत कोणी विष कालवले आहे म्हणून घरच्यांना पाणी पिऊ देईनात. घरच्यांनी सुचेल ते केले. देवऋषी झाला, अंगारे झाले, लिंबे उतरून झाली, एक बोकड गेला. दोनदा काकांना मध्यरात्री विहिरीच्या काठावरून ओढून आणले, तेव्हा माणूस हातचा जाऊ नये म्हणून घरच्यांनीच रडत रडत कडुलिंबाला साखळी घातली. जाता-येता त्यांना खडे मारणाऱ्या पोरांत मी होतो. तेव्हा माझे वय नऊ-दहा वर्षांचे होते.

१९९० साली थोरल्या भावाने बैलजोडी विकून जीप केली आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन काकांना दूरच्या एका मोठ्या इस्पितळात नेले. गावाने त्यांच्यावर पाणी सोडले होते. पण चार महिन्यांनी काका एस. टी.तून उतरले ते स्वतःच्या पायांनी. डोक्याला टोपी, हातात गोळ्यांची पिशवी. पुढे अकरा महिने ते बरे होते. दर महिन्याला गोळ्यांसाठी इस्पितळ गाठायचे, तर दोघांचे भाडे, एक मुक्काम आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी. दुष्काळाच्या सालात ते जमेना. जवळच्या एका आरोग्य केंद्रात विचारले, तर "या गोळ्या आमच्याकडे येत नाहीत" असे उत्तर मिळाले. आणि ते उत्तर खरेच होते. दोन महिन्यांत जुने दुखणे परतले. एका बाजारच्या दिवशी काका उठून चालू लागले, ते आजतागायत आलेले नाहीत.

पुढे मी मास्तर झालो. माझी विद्या दहावीपुरती; पण लिहिण्याची हौस जबर. पहिली कादंबरी लिहिली तीत काका आले ते कडुलिंबाखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अचाट हिशेब सांगणारे विनोदी पात्र म्हणून. लोक हसले. मला ते बरे वाटले. काही वर्षांनी एका दुपारी काकू शाळेच्या पायरीवर येऊन बसल्या. त्यांच्या नातवाने ते पान त्यांना वाचून दाखवले होते. रागावल्या नाहीत. पदराने घाम पुसत एवढेच म्हणाल्या, "मास्तर, त्येंचं याड तेवढं लिवलंसा. अकरा म्हयनं त्ये बरं हुतं, त्ये न्हाई लिवलंसा."

या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवसापासून एक प्रश्न मात्र मनात ठाण मांडून बसला. गोळी होती, डॉक्टर होते, जीव टाकणारी बायको होती, बैल विकणारा भाऊ होता. मग माणूस गेला कसा? आमच्याकडे उसाला पाणी देताना असे होते: विहीर भरलेली असते, वाफे तयार असतात आणि मधेच कोठे तरी पाट फुटलेला असतो. हा पाट कोणी कधी बांधायला घेतला होता की नाही, हे शोधण्यात माझ्या कित्येक उन्हाळी सुट्ट्या गेल्या. जे हाती लागले ते सांगतो. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय जरा कडू लागेल; पण दिवाळीच्या पहाटे कारिट फोडून त्याची कडू बी जिभेला लावण्याची रीत आपल्याकडे आहेच.

* * *

आपल्या देशात वेड्यांच्या इस्पितळांसाठी इंग्रजांनी मोठा कायदा केला तो १८५८ साली, म्हणजे कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य सुरू झाले त्याच वर्षी. त्यानंतर १९१२ चा 'इंडियन लूनसी ॲक्ट' आला. 'लूनसी' हा शब्द चंद्रावरून आला आहे. चंद्राच्या कलांप्रमाणे माणसाचे डोके फिरते, अशी युरोपात जुनी समजूत होती. कायद्याचा रोख उपचारापेक्षा बंदोबस्ताकडे अधिक होता. वेडा माणूस रस्त्यावर दिसता कामा नये, त्याच्या मिळकतीची व्यवस्था लागावी, आणि त्याला आत घालायचे तर मॅजिस्ट्रेटची सही असावी. म्हणून ही इस्पितळे उंच भिंतींची, बहुधा गावाबाहेर बांधलेली आणि तुरुंगाच्या धर्तीवर चालवलेली अशी झाली. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार ठिकाणची मोठी मनोरुग्णालये वर्षानुवर्षे साऱ्या राज्याचा भार वाहत आली आहेत. १९१२ चा तो कायदा स्वातंत्र्यानंतरही टिकला. १९८७ साली नवा कायदा झाला, तो अमलात यायला १९९३ उजाडले. काकांना जीपमध्ये घातले तेव्हा त्यांच्यावर अजून चंद्राचेच राज्य होते.

भिंतींच्या आत जागा तरी किती होती? सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. त्यातला एक हिशेब मी मुलांना गणितासारखा घालतो. हजारी दोन माणसे इस्पितळात ठेवण्याजोगी आजारी धरली तरी त्या वेळच्या हिंदुस्थानात आठ लाख जागा हव्या होत्या. होत्या दहा हजारांहून थोड्या अधिक. म्हणजे ऐंशी रुग्णांमागे एक खाट. इंग्लंडात सुमारे तीनशे लोकवस्तीमागे एक खाट होती, आपल्याकडे चाळीस हजारांमागे एक. मग उरलेले एकोणऐंशी कोठे होते? माजघरात कोंडलेले होते, देवळांच्या ओवऱ्यांत होते, दर्ग्यांच्या आवारात होते आणि कडुलिंबाखाली होते.

भोर समितीने मांडलेल्या या त्रैराशिकात एक मेख आहे. आठ लाख खाटा कोणतेही सरकार कधी बांधणार नव्हते. भिंती वाढवून हा प्रश्न सुटणारा नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांचीच पुढची गोष्ट आहे.

* * *

या गोष्टीचा पहिला धागा अमृतसरला सापडतो. फाळणीत जमिनी वाटल्या, फौजा वाटल्या, खजिना वाटला, आणि १९५० साली वेड्यांच्या इस्पितळांतील माणसेही धर्माप्रमाणे वाटली गेली. लाहोरच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आले, इकडचे मुसलमान रुग्ण तिकडे गेले. मंटोची 'टोबा टेक सिंग' ही कथा याच घटनेवर उभी आहे. अमृतसरचे इस्पितळ गच्च भरले. तेथे डॉ. विद्यासागर हे अधीक्षक होते. माणसे कमी आणि रुग्ण उदंड, अशा पेचात त्यांनी एक साधी गोष्ट केली. इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांना राहायला बोलावले.

वाचकहो, ही गोष्ट साधी दिसते, पण तिने एक जुनी समजूत उलटी केली. तोवर रीत अशी की, नातेवाइकाने रुग्णाला फाटकाशी सोडायचे आणि निघून जायचे. पुढे आला तर पत्र, नाही तर तेही नाही. तंबूत राहणारी आई मुलाला भरवू लागली, न्हाऊ घालू लागली. औषधाने तो कसा शांत होतो, केव्हा बिथरतो, हे तिने डोळ्यांनी पाहिले. घरी परतताना तिच्याबरोबर मुलगा तर होताच, पण त्याच्या आजाराची जाणही होती. डॉक्टर सायंकाळी या कुटुंबांना एकत्र बसवून बोलत. बरी होऊन गेलेली माणसे गावोगाव सांगत सुटली की तो आजार आहे, त्याला उपाय आहे.

याच काळात औषधांच्या जगात एक मोठी घटना घडली. १९५२ साली पॅरिसमधील डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन नावाचे औषध मनोरुग्णांवर वापरले आणि वर्षानुवर्षे भ्रमात असलेली माणसे शुद्धीवर येऊन बोलू लागली. त्यापूर्वीची साधने म्हणजे गुंगीची औषधे, विजेचे झटके आणि कोठडी. आता एक गोळी आली, जी घरी बसून घेता येत होती. तंबूने कुटुंबाला आणि गोळीने घराला इस्पितळाशी जोडले. पण अमृतसर झाले तरी शहरच. तंबूपर्यंत पोहोचणे ज्यांना जमेल त्यांचीच ती सोय होती.

* * *

गावाकडे जाण्याचा विचार जिनिव्हात पक्का झाला. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेची एक तज्ज्ञ समिती तेथे बसली आणि तिने सरळ सांगितले की, गरीब देशांनी मनोविकारतज्ज्ञांची वाट पाहत बसू नये. गावात जो आरोग्यसेवक आहे, जी नर्सबाई आहे, त्यांनाच या आजारांची ओळख आणि मोजक्या औषधांचा वापर शिकवावा. बोलणे सोपे होते. ते खरे करून पाहण्यासाठी संघटनेने भारत, कोलंबिया, सेनेगल, सुदान, ब्राझील, इजिप्त आणि फिलिपिन्स अशा सात देशांना एकत्र गुंफले. आपल्याकडे या कामाचे ठिकाण होते हरियाणातले रायपूर राणी. तेव्हा ते अंबाला जिल्ह्यात होते, आता पंचकुला जिल्ह्यात आहे. साठेक हजार वस्तीचा तो गट. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतले डॉ. एन. एन. विग आणि डॉ. श्रीनिवास मूर्ती हे १९७५ पासून तेथे जाऊ लागले.

या कामातला एक भाग वाचताना माझ्यातला कादंबरीकार चपापला. गावात किती रुग्ण आहेत आणि लोक त्यांच्याकडे कसे पाहतात हे कळावे म्हणून या मंडळींनी छोट्या छोट्या गोष्टी तयार केल्या. एक माणूस आहे, तो अधूनमधून पडतो, तोंडाला फेस येतो. एक बाई आहे, ती कोणाशी बोलत नाही, जेवत नाही, जगण्यात राम नाही म्हणते. एक तरुण आहे, त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात. या गोष्टी गावातल्या जाणत्या माणसांना सांगायच्या आणि विचारायचे, "असे कोणी तुमच्या गावात आहे का? त्याचे काय करता? त्याचे लग्न होईल का? तो काम करील का?" भारत, सुदान आणि फिलिपिन्स या तीन देशांतल्या गावांत हेच प्रश्न विचारले गेले आणि १९८० साली उत्तरे एकत्र छापली गेली. म्हणजे डॉक्टरांनी गोष्टीचा उपयोग माणूस शोधण्यासाठी केला. मी गोष्टीचा उपयोग कशासाठी केला होता, ते वर सांगितलेच आहे.

तिकडे दक्षिणेत, १९७४ साली बंगलोरला निम्हान्स ही संस्था उभी राहिली आणि १९७५ पासून डॉ. आर. एल. कपूर यांच्या पुढाकाराने तिची ग्रामीण शाखा शहराबाहेरच्या सकलवारा या खेड्यात काम करू लागली. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि कार्यकर्ते यांना काय, किती आणि कोणत्या भाषेत शिकवावे याची पुस्तके येथे तयार झाली. दोन्ही ठिकाणचा अनुभव एकच निघाला. गावातले बहुतेक मनोरुग्ण आणि फेफऱ्याचे रुग्ण मोजक्या, स्वस्त औषधांवर गावातच सांभाळता येतात. फेफऱ्यावरचे फिनोबार्बिटोन तर १९१२ पासून जगाला ठाऊक होते. साठ वर्षे जुनी, काही पैशांची गोळी. पण ती खेड्यातल्या कपाटात नव्हती.

या दोन अनुभवांच्या जोरावर ऑगस्ट १९८२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. असा कार्यक्रम हाती घेणाऱ्या विकसनशील देशांत आपण अगदी आघाडीवर होतो. कागद चांगला होता. पण साठ हजारांच्या गटात जे जमले ते पुऱ्या जिल्ह्यात जमेल काय, असा प्रश्न राहिला.

* * *

त्याचे उत्तर बेल्लारीने दिले. आज त्या जिल्ह्याला बळ्ळारी म्हणतात. बंगलोरपासून सुमारे तीनशे किलोमीटर दूरचा, उन्हाचा आणि खडकांचा हा जिल्हा १९८५ साली निवडला गेला. वस्ती पंधरा लाखांच्या घरात. निम्हान्स, कर्नाटक सरकार आणि जिल्ह्याचे आरोग्य खाते यांनी मिळून काम हाती घेतले. रायपूर राणीचे श्रीनिवास मूर्ती तोवर बंगलोरला आले होते, डॉ. मोहन इसाक आणि इतर सहकारी त्यांच्याबरोबर होते.

व्यवस्था अशी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एक मनोविकारतज्ज्ञ आणि त्याचे छोटे पथक. आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना पाळीपाळीने थोड्या दिवसांचे शिक्षण. कार्यकर्त्याने गावात हिंडताना रुग्ण ओळखायचा, केंद्रावर आणायचा, घरच्यांना समजवायचे आणि औषध चुकले की दार ठोठवायचे. निदान करून गोळी सुरू करणे केंद्राच्या डॉक्टरने करायचे. त्याला न उमगणारा रुग्ण तेवढा जिल्ह्याला पाठवायचा. औषधांचा साठा प्रत्येक केंद्रात. साधी नोंदवही. आणि महिन्याच्या महिन्याला बैठक, जीत कोणाकडे किती रुग्ण आले, किती परत आले नाहीत, कोठे गोळ्या संपल्या, हे मोजले जाई.

हे वाचून कोणाला फार मोठे वाटणार नाही. मला मात्र वाचता वाचता पुस्तक मिटून उठावे लागले. कारण बेल्लारीचे ते दिवस १९८५ ते १९९०. कडुलिंबाला साखळी पडली ती १९८८ ला. काकांना हवी असलेली गोळी, हवी असलेली नोंदवही आणि चुकलेल्या महिन्याला दार ठोठवणारा माणूस, हे सारे तेव्हा कल्पनेत नव्हते. आमच्या शिवेपलीकडच्या राज्यात, एका जिल्ह्यात, रोज घडत होते. आमच्या गावातले ऊसतोड मजूर, मेंढरे घेऊन जाणारे धनगर, सोयरिकी, देवाची यात्रा, सारे त्या शिवेपलीकडे जात-येत होते. ही विद्या तेवढी आली नाही.

बेल्लारीचा धडा देशाने गिरवायला घेतला तो १९९६ साली, चार जिल्ह्यांत. २००२ पर्यंत ते सत्तावीस झाले. आज जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सातशेहून अधिक जिल्ह्यांना मंजूर आहे. पण मंजूर होणे वेगळे आणि चालणे वेगळे, हे कोणत्याही मास्तराला सांगावे लागत नाही. कोठे तज्ज्ञाची जागा रिकामी, कोठे पैसा आला तो तसाच परत गेला, कोठे शिक्षण एकदा झाले ते झाले. बेल्लारीत औषधांइतकाच जीव होता तो त्या मासिक बैठकीत. पुष्कळ जिल्ह्यांनी औषधे उचलली आणि बैठक सोडून दिली.

* * *

पाट फुटला तर काय होते, ते एका पहाटे साऱ्या देशाला दिसले. ६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी. तेथल्या प्रसिद्ध दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांसाठी खासगी झोपड्या चालत. त्यांतल्या एकीला आग लागली. आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. अठ्ठावीस माणसे मेली. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, तशा झोपड्या बंद झाल्या, राज्याराज्यांत तपासण्या झाल्या.

त्या वेळी पुष्कळांनी सारा दोष अंधश्रद्धेवर ढकलला. माझे मन तितके निःशंक होत नाही. दर्ग्यात, देवळात माणूस जातो तो तेथे त्याला कोणी परत पाठवत नाही म्हणून. काकांना देवऋषीकडे नेले, कारण देवऋषी गावात होता. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे २००८ च्या सुमारास सरकार आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी दर्ग्याच्या मुजावरांशीच बोलणे केले. दर्ग्याच्या आवाराशी दवाखाना आला. मुजावर दुवा देऊ लागले आणि त्याबरोबर रुग्णाला डॉक्टरकडे धाडू लागले. 'दवा आणि दुवा' असेच त्या कामाचे नाव पडले. भांडणाने जे झाले नसते ते शेजाराने झाले.

* * *

आणि आता आपल्या घराकडे येऊ. गोव्यात 'संगत' ही संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ ते २००९ या काळात तेथे 'मानस' नावाचा मोठा प्रयोग केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने. प्रश्न ठेवला नैराश्याचा आणि चिंतेचा, म्हणजे ज्याला आपल्याकडे कोणी आजार म्हणतच नाही. 'जीव लागत नाही', 'अंग मोडून येते', 'झोप नाही' असे म्हणत माणसे येतात आणि शक्तीचे इंजेक्शन घेऊन जातात. या केंद्रांत वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना दोनेक महिने शिकवून समुपदेशक म्हणून बसवले. त्यांनी ऐकायचे, समजावायचे, पाठपुरावा करायचा; लागले तर डॉक्टरने औषध द्यायचे; आणि वर एका तज्ज्ञाची नजर. २०१० साली निष्कर्ष आले. आजार निश्चित झालेल्यांपैकी, ही सोय असलेल्या सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शंभरांतले सुमारे ६६ रुग्ण बरे झाले होते. जेथे सोय नव्हती तेथे ४२-४३. खासगी दवाखान्यांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. प्रामाणिक माणसांनी तेही छापले, याचे मला कौतुक वाटते.

विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी जे घडवले ते या पानांवर पुन्हा सांगायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' या नावाने एक उपक्रम झाला. त्यात गावचाच कार्यकर्ता, त्याच्यावर समुपदेशक आणि त्याच्यावर तज्ज्ञ अशी पायरी-पायरीची रचना होती. कार्यकर्ता बैठकीत बसून मनाच्या दुखण्याविषयी बोले, जसे पिकाच्या रोगाविषयी बोलावे तसे. सुरुवातीला नैराश्याने ग्रासलेल्या शंभरांतली जेमतेम चार माणसे मदत घेत होती. दीड वर्षाने सत्तावीस घेऊ लागली. हे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झाले. शंभरांतली त्र्याहत्तर अजून बाहेरच होती, हे खरे. पण चारांची सत्तावीस झाली ती नवे इस्पितळ बांधून नव्हे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनेही 'प्रेरणा प्रकल्प' काढून आत्महत्याग्रस्त अशा चौदा जिल्ह्यांत आशाताईंना शेतकऱ्यांच्या घरोघर मनाची विचारपूस करायला पाठवले.

कायदाही शेवटी बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, उपचार हा माणसाचा हक्क मानला आणि साखळीला बंदी केली. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे आरोपी म्हणून न पाहता तो असह्य ताणाखाली आहे असे धरण्यास सांगितले. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी फोनसेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा आकडा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. हा आकडा मी शाळेच्या भिंतीवर पाढ्यांच्या शेजारी रंगवून घेतला आहे.

* * *

हे सारे वाचून झाल्यावर मला कळले ते एवढेच, की या सत्तर वर्षांत ज्यांना यश आले त्यांनी रुग्णावरचा आपला एकट्याचा हक्क सोडला. विद्यासागरांनी तो घरच्यांना वाटून दिला, विगांनी आरोग्यसेवकाला, बेल्लारीने जिल्ह्याला, उनाव्याने मुजावराला आणि गोव्याने शेजारणीला. जेथे कोणी एकाने सारे आपल्या हाती ठेवले, मग तो देवऋषी असो, मॅजिस्ट्रेट असो की मोठा डॉक्टर, तेथे माणूस अर्ध्या वाटेवर पडला.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर आला नाही. घरी गेलो, तर त्याचा बाप दाराकडे पाठ करून बसलेला. पाणी पीत नव्हता. मुलाच्या आईने हळूच विचारले, "देवऋष्याला दाखवू का, मास्तर?" माझ्या डोळ्यांपुढे तो कडुलिंब उभा राहिला. मी आमच्या आशाताईंना बोलावले. त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात नेले, तेथून जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे. गोळ्या सुरू झाल्या, दुसऱ्या महिन्यात तो कामावर गेला. तिसऱ्या महिन्यात तालुक्याला गोळ्या संपल्या. "पुढच्या आठवड्यात येतील," असे सांगण्यात आले.

मी त्या रात्री झोपलो नाही. मला अकरा महिने आठवत होते. पण आशाताई माझ्यासारख्या नुसत्या आठवत बसल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या आपल्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्याकडे साठा होता. डॉक्टरांची चिठ्ठी फोनवर पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस. टी.च्या कंडक्टरने पुडके आणून फाट्यावर माझ्या हाती दिले. वर म्हणाला, "मास्तर, कसली औषधं? जपून न्या." मी म्हटले, "पाट फुटला होता, तेवढा बांधतोय." त्याला काही कळले नाही.

आता काकूंचे देणे फेडायचे राहिले आहे. ते अकरा महिने मी पाहिले होते. लिहिले नव्हते, एवढेच. काका सकाळी उठून ओसरीवर बसत. कडुलिंबाकडे पाठ करून बसत, हे मला आता उमगते. मोट कधीच बंद पडली होती, पण तिचा दोर त्यांनी जपून ठेवलेला होता. तो ते उलगडून पुन्हा वळीत. अडत्याच्या पट्ट्या घेऊन माणसे त्यांच्याकडे पुन्हा येऊ लागली होती. ज्या पोरांनी त्यांना खडे मारले, त्यांतल्या चौघांना त्यांनी ओसरीवर बोलावले आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी पाठ करून घेतली. चुकले की रागावत नसत. फक्त पहिल्यापासून म्हणायला लावीत. औटकी अर्धी झाली होती, तेव्हा गोळ्या संपल्या. मला ती अजून अर्धीच येते.

हा अंक आला की काकूंकडे नेणार आहे. त्यांना वाचता येत नाही. ओसरीवर बसून मीच वाचून दाखवीन.